सांगितलेला वेग

सोमवार, १२

तक्त्यात आज विश्रांती. रविवारी एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, म्हणून हा आठवडा हलका. तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. बनवताना सवयीनं दोन रकाने आखले, एक माझा, एक वकिलाचा. मग दुसरा खोडला. आता दूध काढायला गेलं की तो खोडलेलाच आधी दिसतो.

सहा वर्षं सोमवारी संध्याकाळी न चुकता फोन यायचा. "काय कवळीमहाराज, उद्या किती फेऱ्या?" मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो, त्यावरून त्यानं हे नाव पाडलं. लॅब म्हणजे मी आणि एक टेबल. तिथे माझ्याशी बोलतात ते प्लास्टरचे जबडे.

वकिलाला दिसत नाही. नऊ वर्षांचा असताना तापात डोळे गेले. कोर्टात तो एकटा जातो, जिने मोजून चढतो, सह्या करतो, भांडतो. पण रस्त्यावर धावायला सोबत लागते, ती मी. बुटाची एक जुनी नाडी, दोन्ही टोकांना बोटं जातील एवढी कडी. एक त्याच्या डाव्या हातात, एक माझ्या उजव्या. आम्ही तिला दोरी म्हणतो. बाकी सगळं तोंडानं सांगायचं. खड्डा, चढ, वळण, कुत्रा. आणि घड्याळात बघून वेग.

तीन आठवड्यांपूर्वी शेवटची शर्यत धावलो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "मंगळवारी येऊ नका. मी कळवीन." त्यानं काही कळवलं नाही. कळवलं ते या रविवारच्या आयोजकांनी: सोबती म्हणून तुमची नोंदणी रद्द झाली आहे, त्यांना दुसरी सोबतीण मिळाली आहे, तुम्हाला स्वतः धावायचं असल्यास जागा आहे. मी हो म्हटलं. रागानं म्हटलं. सहा वर्षं पहाटे पाचला त्याच्या दाराशी उभा राहिलो, त्याची ही किंमत!

त्यानं कारण सांगितलं नाही. 'का ते मला माहीत नाही' असं पुढे लिहिणार होतो. पण या वहीत तरी खोटं नको. माहीत आहे. उद्या लिहीन.

मंगळवार, १३

मैदानावर चारशे मीटरच्या आठ फेऱ्या. पाचवी संपली आणि मी मोठ्यांदा म्हणालो, "दोन मिनिटं बावीस." शेजारी कोणी नव्हतं. आकडा खरा होता. ऐकायला कोणी नसलं की मी खरा आकडा सांगतो!

कालचं राहिलेलं लिहितो.

अकरा महिन्यांपूर्वी माझा गुडघा धरायला लागला. सोबत्याचा वेग धावणाऱ्यापेक्षा जास्तच हवा, नाहीतर तो दमून जाईल, मग बघणार काय आणि सांगणार काय? आमच्या खेळातली ही पहिली अट. त्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर वकिलानं विचारलं, "किती चाललंय?" म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागताहेत. घड्याळात सहा वीस होतं. मी म्हणालो, "सहा पाच." तो खूश झाला. "वा, आज पेटलोय!" पुढच्या वेळी सहा वीस कुठल्या तोंडानं सांगू? परत सहा पाच सांगितलं. खरं सहा पंचवीस होतं. मग ते तसंच चालू राहिलं. माझा वेग उतरत गेला, सांगितलेला वेग जागचा हलला नाही. कानात यंत्र घालून वेग ऐकता येतो, पण तो घालत नाही. कान झाकले की मला रस्ता दिसत नाही म्हणतो. त्यामुळे आकडा एकच, मी सांगीन तो.

घड्याळ दर किलोमीटरला टिट् करायचं, तेही मी बंद केलं. "घड्याळाची वाचा गेली का हो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आवाज बॅटरी खातो. त्यानंतर तो धावताना काहीतरी पुटपुटायला लागला. म्हणे, उद्याचा युक्तिवाद पाठ करतोय. शिवाय आळशीही झाला होता. "आज दमलोय, जरा सावकाश घ्या," असं आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचा. चाळिशी ओलांडली की होतं असं. माझ्या पथ्यावरच पडलं.

मग ती शर्यत आली. दृष्टिहीनांच्या मोठ्या शर्यतीत जायचं तर एकवीस किलोमीटर दोन तास दहा मिनिटांच्या आत धावावे लागतात. चार वर्षं त्यानं तो ध्यास घेतलाय. त्या दिवशी तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिलो, "आहोत वेळेत." बाराव्या किलोमीटरला आहोत, अठराव्याला आहोत. शेवटी माइकवाल्यानं आमची वेळ पुकारली. दोन तास एकोणीस मिनिटं. वकिलानं दोरी हातातून काढली, नीट गुंडाळली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "अभिनंदन," म्हणाला. बस्स. डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात. मी कानात फेकली.

का, तर मी हळू झालोय हे सांगितलं असतं तर त्याला दुसरं कोणी शोधावं लागलं असतं. मग सकाळी माझ्याशी कोण बोललं असतं? लिहायला लाज वाटते, पण एवढंच कारण आहे.

बुधवार, १४

हलके सहा किलोमीटर. अजून रस्त्याच्या डाव्या कडेनंच धावतो, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. उजवा हात हलत नाही, फाटकाची कडी धरल्यासारखा पुढे अडकून राहतो. कालव्याच्या पुलाशी सवयीनं ओरडलो, "दोन पायऱ्या, खाली!" समोरून कुत्र्याला फिरवणारी बाई येत होती.

"मला म्हणालात?"

"नाही."

"मग कुणाला?"

काय सांगणार! "सवय आहे," म्हटलं. तिनं कुत्र्याला आणखी जवळ ओढलं.

दुपारी दंतवैद्यबाईंनी कवळी परत पाठवली. उजवीकडे उंच लागते म्हणे. "आजोबा म्हणतात, दातात केस अडकल्यासारखं वाटतं." साच्यावर बसवली, निळा कागद लावून चावा पाहिला. मागच्या दाढेवर एक ठिपका, तोही भिंग लावून दिसला. घासून काढला. एवढासा फरक, पण आजोबांच्या जिभेला बरोब्बर कळला. मग वकिलाला किलोमीटरमागे अर्धं मिनिट कळलं नसेल? चहा हातात घेऊन बसलो होतो तो गार झाला.

पण नाही. कळलं असतं तर बोलला असता. वकील माणूस, गप्प कसा बसेल?

गुरुवार, १५

पाऊण तास मध्यम वेगानं. सहा अडतीस.

ताईचा फोन. "गुडघ्याला शेक देतोस का? तुझा तो वकील कसा आहे? त्याच्या गप्पांनी फार हसू येतं बाई."

"मजेत आहे."

"रविवारी आहात ना दोघं? जपून धावा म्हणावं."

"सांगतो," म्हटलं. आता ताईलाही थापा.

शुक्रवार, १६

शर्यतीचा क्रमांक घ्यायला क्रीडासंकुलात गेलो. लॅबमधून तसाच निघालो, गर्दी व्हायच्या आत.

टेबलावरच्या मुलीनं संगणकात पाहिलं. "पहिलीच शर्यत का काका?"

"अकरा झाल्या."

"तुमच्या नावावर तर काहीच नाही."

"सोबती म्हणून धावलो."

"हां, मग बरोबर. सोबत्यांची वेळ धरत नाहीत." आणि तिनं माझ्या पाकिटावर शिक्का मारला: नवीन धावपटू. सहा वर्षं माझ्या छातीवर नुसतं 'सोबती' लिहिलेलं असायचं. या वेळी आकडा आहे. कौतुक वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

वळलो तर समोर वकील. शेजारी त्याची नवी सोबतीण. तिशीची असेल, खांदे रुंद, केस ओले. ती तरणतलावावर पोहायला शिकवते, हे ती रांगेतल्या बाईशी बोलत होती तेव्हा कानावर आलं. दोघं रांगेत माझ्यापासून चार हातांवर. मी हाक मारायला हवी होती. साधं "काय वकील" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी भिंतीला पाठ लावली आणि श्वास रोखून उभा राहिलो.

वकिलानं मान वळवली. "इथे प्लास्टरचा वास येतोय," म्हणाला.

ती म्हणाली, "भिंतीची डागडुजी चालू असेल."

"असेल," तो म्हणाला. पण हलला नाही. तोंड माझ्या बाजूला करून तसाच उभा राहिला. मागचा माणूस सरका सरका म्हणायला लागला तेव्हा पुढे गेला. मी बुटांचा आवाज न करता बाहेर सटकलो. वाचलो, असं मनात म्हणालोसुद्धा.

घरी येऊन शर्ट काढला. दोन्ही बाह्यांवर कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर. आणि त्या हॉलच्या भिंती कोऱ्या करकरीत रंगवलेल्या होत्या.

त्याला कळलं. कळलं आणि तो वाट पाहत उभा राहिला. मी मात्र त्याला दिसत नाही याचा फायदा घेतला, परत एकदा. जेवण गेलं नाही.

शनिवार, १७

तीन किलोमीटर, पाय मोकळे करायला. घड्याळ घरीच ठेवलं.

आल्यावर जुनी वही काढली. गेल्या अकरा महिन्यांचा प्रत्येक सराव त्यात आहे. एक सवय मी कधी मोडली नव्हती. त्याला काही का सांगेना, वहीत खरा वेग लिहायचो. कवळीचं मापही असंच लिहितो, चुकलं तरी चुकलेलंच. पुढे कंसात सांगितलेला वेग.

वकिलाला चिठ्ठी लिहून उपयोग नाही, दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावी लागेल. फोन करायची छाती होईना. मग फोनवर बोलका निरोप ठेवायचं ठरवलं. पहिल्यांदा "हे बघ वकील, त्याचं असं झालं" अशी सुरुवात केली. स्वतःलाच ऐकून किळस आली, पुसून टाकली. दुसऱ्यांदा गुडघ्यापासून सुरुवात केली. तीही पुसली. मग वही उघडून नुसतं वाचायला लागलो.

"चौदा तारीख, मंगळवार. खरं सहा वीस, सांगितलं सहा पाच. सोळा तारीख, गुरुवार. खरं सहा पंचवीस, सांगितलं सहा पाच."

एकशे एकतीस सराव होते. मध्ये घसा सुकला, पाणी प्यायलो, तो घटघट आवाजही आत गेला असणार. हिवाळ्यापर्यंत पोहोचलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या ज्या दिवशी तो "दमलोय, सावकाश घ्या" म्हणाला, तेही मी वहीत लिहिलंय. ते सगळे दिवस माझा गुडघा सुजलेला असतानाचे आहेत. एकही दिवस चुकलेला नाही. माझं लंगडणं त्याला ऐकू येत होतं आणि मी त्याला आळशी म्हणत होतो. पान उलटलं आणि पुढचं वाचलं.

शेवटी शर्यतीचा दिवस वाचला. बारावा किलोमीटर, अठरावा किलोमीटर, खरं काय होतं आणि मी काय म्हणालो. मग 'माफ कर' म्हणायचं होतं, पण घाम आलेला अंगठा बटणावरून सटकला आणि निरोप निघून गेला. चोवीस मिनिटांचा निरोप, आणि मुख्य शब्द त्यात नाही. याला म्हणतात माझं काम.

साडेचारला त्यानं ऐकल्याची खूण आली. उत्तर नाही. सहा वाजेपर्यंत फोन समोर ठेवून बसलो. मग ताईला फोन केला आणि वकिलाबद्दल सगळं खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलास का?"

रविवार, १८

माझा गट आधी सुटला. दृष्टिहीनांचा गट आठ मिनिटांनी मागून. दोरी खिशात घेतली होती, का कोण जाणे. ती मांडीला घासत राहिली.

पहिले दहा किलोमीटर कोणाशी एक शब्द बोललो नाही. एवढी माणसं आजूबाजूला, सगळे आपापल्या ओळखीच्यांशी बोलताहेत, कोणी कोणाला पाणी देतोय, कोणाचं पोर बापाचं नाव घेऊन ओरडतंय. मी उजवीकडे एक जागा सोडून धावत होतो. त्या जागेत लोक शिरायचे आणि पुढे निघून जायचे.

चौदाव्या किलोमीटरला मागून आवाज आला. "उजवं वळण, तीन, दोन, एक. आता सरळ." मुलीचा आवाज, खणखणीत, अजिबात धाप नाही. सोबत्याचा आवाज असाच हवा. शेवटच्या वर्षात माझा असा कधीच नव्हता. मी बाजूला सरलो.

शेजारी आला तेव्हा तो म्हणाला, "डावा पाय घासताय, कवळीमहाराज."

"हो," म्हटलं.

"किती चाललंय?"

त्याच्या शेजारी घड्याळवाली होती. तरी त्यानं मला विचारलं. मी घड्याळ दोनदा पाहिलं. "सहा बेचाळीस."

"बरं," तो म्हणाला, आणि ती दोघं पुढे गेली. त्याची पाठ मी इतक्या वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. धावतो सुंदर. उजवा खांदा जरा खाली सोडतो, तेवढंच. वळणापर्यंत पाहत राहिलो. मग ती दोघं दिसेनाशी झाली. उरलेले सात किलोमीटर फार लांब होते.

रेषेपलीकडे एक मशीन प्रत्येकाच्या वेळेची चिठ्ठी छापून देतं. माझ्या नावाची पहिली चिठ्ठी. हातात घेऊन कोणाला दाखवायची म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर पाण्याच्या टेबलापलीकडे वकील उभा. पाठीवर टॉवेल, शेजारी ती पोहणारी. मी जवळ जाऊन या वेळी आधी बोललो. "मी आलोय."

"वेळ?" त्यानं विचारलं.

"दोन तास एकवीस मिनिटं चाळीस सेकंद."

"चिठ्ठी द्या." त्यानं ती तिच्या हातात दिली. "वाच गं."

"दोन तास एकवीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद."

"एक सेकंद चोरलात," वकील म्हणाला.

"हातावरच्या घड्याळात चाळीस होतं रे," मी म्हणालो. तो हसला नाही. ती पोहणारी आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. मग 'पाणी आणते' म्हणून बाजूला झाली. शहाणी आहे.

"तुझी?" मी विचारलं.

"दोन आठ पन्नास."

म्हणजे झालं. मोठी शर्यत पक्की. मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. हे तो वर्षभरापूर्वीही करू शकला असता. मध्ये मी होतो.

"सरावात तुम्ही सेकंद चोरता हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," तो म्हणाला. "घड्याळ बंद केलंत तेव्हापासून पावलं मोजत होतो. म्हटलं, गुडघा दुखतोय, सांगायला लाजताय. सांगतील कधीतरी. तोवर दोघं सावकाश जाऊ."

"मग शर्यतीत का नाही मोजलंस?"

"शर्यतीत तुमच्यावर सोडलं होतं."

माइकवाला कोणाची तरी वेळ पुकारत होता. मी म्हणालो, "माफ कर मला." इतक्या हळू म्हणालो की मलाच ऐकू आलं नाही.

"हं," तो म्हणाला. "कालच्या चोवीस मिनिटांत एवढंच नव्हतं."

लोक आमच्यामधून जात होते. मग त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "शर्यती आता हिच्याबरोबर धावणार. ते ठरलंय."

"बरोबर आहे," मी म्हणालो. बरोबरच आहे.

"मंगळवारी हिचा पोहण्याचा वर्ग असतो. मला हलके सहा किलोमीटर आहेत. सहा पंचेचाळीसनं चालतील. दोरी आहे ना अजून?"

"खिशात आहे."

"आणि घड्याळाची वाचा परत आणा."

दोरी साबणानं धुतली, खिडकीत वाळत घातली. फ्रिजवरचा तक्ता काढून नवा आखला. मंगळवारपुरताच दुसरा रकाना. मग घड्याळ घेऊन बसलो, तर आवाज कुठल्या बटणानं बंद केला होता तेच आठवेना. अर्धा तास सगळी बटणं दाबत होतो.

आत्ता सापडलं. वाजवून पाहिलं. घरात बरंच मोठं वाटतं.